सोजरबाईंनी दाखवलेली झाडं

गंगाखेडला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. निवृत्तांचा आमचा एक गट आहे, झाडांसाठी धडपडणारा. परभणी-गंगाखेड रस्ता रुंद होणार म्हणून एका गावालगतच्या कडुनिंबांवर आणि बाभळींवर पांढऱ्या रंगात आकडे टाकल्याचा फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. हा रस्ता माझ्या लहानपणाचा. वडील पूर्णेला रेल्वेत होते. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून मी सुट्टीला आले की आम्ही गंगाखेडला मावशीकडे जायचो आणि एसटीच्या खिडकीतून हात काढून मी निंबाची पानं ओरबाडायचे. आई म्हणायची, "सिस्टर रागावतील." सिस्टर तेव्हा शंभर कोस लांब असायच्या!

संभाजीनगरहून सकाळच्या गाडीनं परभणी साधारण साडेतीन-चार तास. बसस्टँड स्टेशनपासून जवळच. तिथं गरम सुशीला खाल्ली, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट. गंगाखेडच्या बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट. दुपारी जाणार असाल तर डाव्या बाजूला बसा, उजवीकडून ऊन भाजतं. पूर्वी हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आमचे सर, म्हणजे गटाचे प्रमुख, निवृत्त प्राध्यापक, फोटोतल्या त्या गावात आधीच पोचले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गायरानात त्या झाडांखाली मेंढ्या माना खाली घालून, एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मेंढ्यांची मालकीण, सोजरबाई, काठीनं बाभळीच्या शेंगा पाडत होत्या. झाडतोडीवर उद्या गंगाखेडच्या कचेरीत सुनावणी होती, तिथं गावाकडून त्याच बोलणार होत्या.

"तुम्ही या कामात कशा आलात?" मी विचारलं. मला वाटलं होतं, सावली, पाखरं असं काहीतरी ऐकायला मिळेल.

"माज्याच हातानं झालं, ताई. झाडं मोजायला मान्सं आली तवा मीच त्यायच्या मागं हिंडले. त्यायला दिसली न्हाईत ती बी दावली. वढ्याच्या काठचा निंब तर त्यायला ठावंच नव्हता."

"पण का?"

"मला वाटलं, नंबर पडला म्हंजी सरकारात नाव लागलं. आता कोन हात लावतंय?"

त्यांची जाऊ शेळी ओढत चालली होती. ती थांबलीच. "मोजायला बी हीच फुडं, रडायला बी हीच फुडं! लय हौस हाय बाईला."

सोजरबाई हसल्या नाहीत.

दुपारी त्यांच्या ओट्यावर भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा खाल्ला. या प्रवासावर मी लिहिणार आहे, हे तेव्हाच त्यांना सांगितलं. मग सर म्हणाले, "ते मोजणीचं उद्या काढायचं नाही. मुद्दा कमजोर होतो." मलाही पटलं. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली बाई मी; त्यांना एक वाक्य लिहून दिलं आणि चारदा म्हणून घेतलं, 'ही झाडं म्हणजे आमच्या गावाचा प्राणवायू आहेत.' त्या 'प्राण' म्हणून थांबायच्या.

मुक्काम गंगाखेडला लॉजवर केला. खोली स्वच्छ, पाण्याला मात्र क्षाराची चव. बाटली जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब अगदी सौजन्यानं बोलले. कागद पुढे सरकवून म्हणाले, "आजी, ही सही तुमचीच का?"

सोजरबाई प्रौढांच्या वर्गात सही शिकल्या होत्या. अक्षर ओळखून क्षणभर त्यांचा चेहरा खुलला. "माजीच."

"मोजणीला आणि पुढच्या कामाला हरकत नाही, असं लिहिलंय वर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य विसरल्या होत्या. "सायेब, मी मोजायला दावली, तोडायला न्हाई."

"तसा रकाना नाही यात," ते म्हणाले, आणि त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. मी काही बोलू शकले असते. मी पाण्याची बाटली उघडत बसले.

तोडलेल्या प्रत्येक झाडामागे रोपं लावायचं आश्वासन घेऊन आम्ही बाहेर आलो. सरांनी पायरीवर फोटो काढायला लावला. सोजरबाई मेंढ्यांचं निमित्त सांगून आधीच निघून गेल्या.

घरी पोचेपर्यंत तो फोटो गटात आला होता, खाली लिहिलेलं, 'मोठं यश'. हात जोडलेली चित्रं, फुलं. लोक अशा कामात का येतात, यावर मी पूर्वी भाषणं दिली आहेत. निसर्गावरचं प्रेम, पुढच्या पिढ्या वगैरे. मी स्वतः गेले होते माझ्या खिडकीतल्या पानांसाठी. सर बहुधा रिकाम्या दिवसांसाठी. त्या बाईला मात्र स्वतःच्या हातून झालेलं निस्तरायचं होतं, आणि तेवढंच आम्ही तिला बोलू दिलं नाही.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"तोडली ताई. समदी. वढ्याकाठचा निंब त्यायला सापडंना झालता. मला इचारलं."

"मग?"

"मी गप बसले. मंग जाऊबाईनं दावला." मागे मेंढ्या ओरडत होत्या. "पन मी न्हाई दावला. तेवढं लिवा तुमच्या त्याच्यात."