सातवी काच

काल मिठाईच्या डब्यावरचा लाल पारदर्शक कागद उजेडात धरला आणि बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातली एक दुपार आठवली.

सरांनी खोक्यात दिवा लपवला होता. रंगीत काचांतून येणारा उजेड मोजून त्यात कोणता रंग किती, ते ओळखायचं होतं. सहा काचा झाल्या. मी आलेखावरचे सहा ठिपके जोडून मोकळी झाले.

"ठिपक्यांच्या मधलं कुठं दिसलं आपल्याला?" माझी जोडीदार सुनंदा म्हणाली. "अजून एक काच लावू ना. रुक ना गं थोडी."

"पुरे आता," म्हणत मी निघाले आणि स्टँडवर तासभर बसची वाट पाहिली.

सोमवारी कळलं, तिचं लग्न ठरलं होतं. कॉलेजातला तिचा तो शेवटचा दिवस होता. तिचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.