वाघजाईच्या देवळातली मारिया

पालीच्या तिठ्यावर एस.टी.तून उतरलं, की शिवणकोंडला जायला अजून तासाभराची चाल राहते. आधी आंब्याच्या बागा, मग कातळाचा उघडा सडा, मग पुन्हा उतार. त्या उतारावर वाघजाईचं देऊळ, आणि देवळाच्या पाठीमागे भागोजी गुरवाचं घर. भागोजीला बाहत्तरावं लागलं होतं. त्यानं मुंबई दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा चार दिवसांत तो परत आला होता. "तिकडं सगळं हाय," तो सांगे, "पन सकाळ झाली म्हणून कोन सांगीत नाय."

शिवणकोंडात ते सांगायचं काम भागोजीचं होतं. देवळाच्या सभामंडपात मधल्या तुळईला एक घंटा टांगलेली होती. आपल्याकडच्या घंटांसारखी ती बसकी नव्हती. उंच, खांद्यात निमुळती, खाली घेर सोडलेली, परकर नेसून उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. तिच्या पोटावर एक क्रूस उठलेला होता आणि त्याच्या खाली अक्षरांची एक ओळ, जी गावात कुणालाच वाचता येत नव्हती. वसईचा किल्ला पडला तेव्हा इथला कुणी शिपाई ती गलबतात घालून घेऊन आला, असं जुनी माणसं सांगत. तीन गड्यांनी उचलावी अशी वस्तू त्यानं सडा ओलांडून कशी आणली, याचं उत्तर मात्र प्रत्येक घरात वेगळं होतं. कुणी म्हणे रेड्यावरून, कुणी म्हणे देवीच पुढे चालत होती.

देवदिवाळीच्या आधी भागोजी गडी लावून तिला खाली उतरवी आणि न्हाऊ घाली. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, मग विहिरीचं पाणी. कोरडी झाली की खोबरेलात अंगठा बुडवून तिच्या कडेला चार ठिकाणी टेकवायचा. असं का, ते त्याला ठाऊक नव्हतं. बापूस करायचा, म्हणून तो करी.

यंदा न्हाणं चाललं असताना त्याची नात वेदिका जवळ होती. ती राजापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि चार दिवस रजेवर आली होती. तिनं घंटेच्या पोटावर पातळ कागद धरला, वरून पेन्सिल घासली, आणि अक्षरं कागदावर वर आली, तळ्यातून मासे वर यावेत तशी.

"आजोबा," ती म्हणाली, "हिचं नाव मारिया आहे."

"घंटेला नाव?"

"नाव असतं, बारसंही असतं. त्यांचा मोठा धर्मगुरू यायचा, घंटेला पाण्यानं आंघोळ घालायचा, अंगठा तेलात बुडवून अंगावर खुणा करायचा आणि नाव ठेवायचा. मोठ्या घरची माणसं तिचे धर्माचे आईबाप व्हायची."

भागोजीचा तेलकट अंगठा हवेतच राहिला.

त्याची बायको गोदा पायरीवर वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे पन्नास वर्सं ह्यो बाबा मारिया नावाच्या बाईला न्हाऊ घालतोय, आनि मना आज कळतंय!"

"आजी, रागावू नकोस. ती साडेतीनशे वर्षांची आहे."

"मग ऱ्हाऊ दे. थोरली सवत चालंल."

त्या दिवसापासून भागोजीला एक नाद लागला. संध्याकाळी जेवण झालं की तो वेदिकाला म्हणे, "बाय, तिच्या मुलखाचं सांग." आणि वेदिका सांगे. तिकडे राजा मोठा की धर्मगुरू मोठा, यावर शेकडो वर्षं भांडणं चालली. धर्मगुरू रागावला तर अख्ख्या मुलखातल्या घंटा मुक्या करायचा. लग्न लागायचं तर घंटा नाही, माणूस मेलं तरी घंटा नाही, आणि तेवढ्यानं राजे वाकायचे. राजा रागावला तर बंड केलेल्या शहराच्या घंटाच उतरवून न्यायचा. लढाईत शहर पडलं की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्क. आज घंटा, उद्या तोफ. रोमात तर दोन हजार वर्षांच्या जुन्या देवळाच्या देवडीचं कांसं एका पोपनं काढवलं आणि त्याच्या तोफा ओतल्या.

"त्या देवळातले देव कुठं गेले?" भागोजीनं विचारलं.

"ते त्याच्या आधीच गेले होते. देऊळ चर्च झालं होतं."

भागोजीनं देवळाकडे मान वळवली. मग म्हणाला, "कांशाला काय वाटत असंल?"

वेदिका हसली नाही. आजोबाला हसू नये, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती राजापूरला परत गेली, आणि देवदिवाळीला मुंबईचे चाकरमानी आले. त्यांच्यात दीपक होता, मुंबई मंडळाचा अध्यक्ष. देवळाचा जीर्णोद्धार त्यानं मनावर घेतला होता, आणि माणूस वाईट नव्हता. देवळाला पाण्याची टाकी त्यानंच बांधून दिली होती. सभामंडपात बसल्यावर तो म्हणाला, "भागोजीकाका, नव्या देवळाच्या उद्घाटनाला मोठे पुढारी येणार. त्यांच्या माणसानं मोबाईलवर घंटेचा फोटो पाहिला. म्हणाला, देवीसमोर परक्यांचा क्रूस कशाला? आता आधीच दिवस कसले आहेत, तुम्हाला माहीत आहे. उतरवू या ती. कांसं चांगलं आहे. कोल्हापूरच्या ओताऱ्याकडून देवीची प्रभावळ करून घेऊ. घंटा नि नगारा वाजवायचं मशिन मी बघून ठेवलंय, बटण दाबलं की झालं. तुमचेही हात दुखायला नकोत."

"माझं हात कधी दुखलं?" भागोजी म्हणाला.

"काका, प्रश्न हातांचा नाही."

"मघाशी तूच बोललास हातांचं."

माणसं हसली, पण तोंडं दोन बाजूंना झाली. ज्यांनी घंटेच्या नावानं नवस फेडले होते ते नको म्हणाले, ज्यांना नवं देऊळ डोळ्यांसमोर दिसत होतं ते हो म्हणाले. आवाज चढले. शेवटी गावचा मानकरी असलेल्या गावकरानं नेहमीचा तोडगा काढला. "भांडताव कशाला? देवीला विचारू. उद्या कौल लावा."

आमच्या मुलखात कौल हा शेवटचा शब्द. देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वाटण्या, सोयरिकी, विहिरीची जागा, सगळं असंच ठरत आलं. आणि पाकळ्या चिकटवणार गुरव. शिवणकोंडात ते काम भागोजीच्या घराचं.

पाकळी देठाकडे दाबून बसवली तर दुपारपर्यंत हलत नाही आणि नुसती टेकवली तर ओल सुकायच्या आत निसटते, हे बापसानं त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. शिकवून झाल्यावर त्याच हातानं कानाखाली एक ठेवून दिली होती. "हे ठावं असावं, पन करू नये. म्हणून ही आठवन," असं म्हणाला होता. पन्नास वर्षांत भागोजीनं ते कधी केलं नव्हतं. स्वतःच्या थोरल्या मुलाच्या जमिनीचा कौल त्यानं लावला, तो विरुद्ध गेला, मुलगा रागावून मुंबईला गेला, तरी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा सगळं गाव बसलेलं होतं. भागोजी ओल्या पंच्यानं गाभाऱ्यात शिरला. गावकरानं बाहेरून गाऱ्हाणं घातलं, "आई वाघजाई, ही घंटा तुझ्या देवळातून काढायची असंल तर उजवी दे. ठेवायची असंल तर डावी दे." माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली.

भागोजीनं उजवी पाकळी दाबून बसवली. डावी उचलली. अंगठा पाषाणाजवळ गेला आणि दाबायचा राहिला. पाकळी नुसती टेकली. मग तो मागे सरला आणि भिंतीला टेकून बसला.

 समईचा उजेड पाषाणावर हलत होता. भागोजीनं डोळे मिटले, आणि त्याला कधी न पाहिलेलं एक गाव दिसायला लागलं. दगडी रस्ते, थंडीनं वाफा सोडणारी माणसं, जमिनीत खणलेला खड्डा आणि त्यात ओतलं जाणारं लाल कांसं. त्या कांशात कुठल्याशा जुन्या देवाचा हात वितळत होता, एक तोफ वितळत होती, कुणा गरीब बाईनं दिलेली वाटी वितळत होती. मग ती घंटा फुलांनी मढवून आणली. उंच टोपीचा एक म्हातारा पुढे आला. त्यानं तिला पाणी घातलं. अंगठा तेलात बुडवला. सगळं गाव त्या अंगठ्याकडे बघत होतं, राजासुद्धा. तो अंगठा जिथे टेकेल तिथे देव टेकला असं ती माणसं धरून चालली होती. भागोजीनं वाकून पाहिलं. अंगठा त्याचाच होता. रुंद, नखाशी चिरलेला, चिंचेनं काळा पडलेला. आणि म्हातारा त्याच्याकडे बघून ओळखीचं हसत होता.

तो दचकून जागा झाला. डावी पाकळी एका कडेनं सुटली होती. पानावरून थेंब ओघळावा तशी ती लोंबत होती.

बाहेरून गोदानं ते पाहिलं. दीपकनं पाहिलं. "डावी! डावी सुटली!" मागून कुणीतरी ओरडलं.

भागोजी उठला. पाकळी निसटली आणि खाली पोचायच्या आत त्यानं ती ओंजळीत धरली.  चालू कौलाला हात लावलेला शिवणकोंडानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिला नव्हता.

तो उंबऱ्यात आला. पंच्याचं पाणी पायांवर गळत होतं. "ह्यो कौल खरा नाय," तो म्हणाला. "डावी मी नुसती टेकवली व्हती. घंटा ऱ्हावी म्हणून."

 गावकर उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. शेवटी दीपकच म्हणाला, तेही हळू, "काका, बोलला नसतात तर कोणाला कळलं असतं?"

"तू पुढाऱ्याचं आयकून आलास, मी माझं आयकून बसलो. देवीचं कुनी आयकलंच नाय."

"मेल्या म्हाताऱ्या," मागून त्याचा चुलत भाऊ सदू ओरडला, "गुरवकी बुडवलीस की घराची!"

"तुझ्या घरात घे. माझा हात आता चालायचा नाय. तू लाव कौल."

सदूनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कापत कापत दोन्ही पाकळ्या दाबून बसवल्या. गाऱ्हाणं पुन्हा तेच घातलं. दुपार झाली, बायका घरी जाऊन भात टाकून आल्या. भागोजी मंडपाच्या बाहेर, चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसून होता. त्याला आत बघवत नव्हतं आणि घरीही जाववत नव्हतं. ऊन तिरपं झालं तेव्हा आतून आवाज आला. उजवी पडली होती.

भागोजीनं मान हलवली. कौल म्हणजे कौल.

दीपक ओताऱ्याला फोन लावायला उठला, तेवढ्यात गोदा पदर खोचून मंडपात आली. बायका कौलात बोलत नाहीत, पण कौल संपला होता. "अरे दीपक, थांब जरा. गावकरांनू, गाऱ्हाणं काय घातलं व्हतं?"

"घंटा देवळातून काढायची काय, असं."

"मग काढा. वितळवायची काय, असं कुनी इचारलं? मी तरी नाय आयकलं."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. दीपक म्हणाला, "काकी, मग तेही विचारून टाकू."

"इचार की. पन दर खेपेला तिला किती तरास द्यायचा? आनि आता पाकळ्या लावनारा सदू. त्याचं हात बघ, अजून कापतायत. तो चार दिवस तरी देवीला शिवायचा नाय."

सदूनं खरंच हात पाठीमागे घेतले. दीपकनं फोन खिशात ठेवला. त्यालाही बहुधा बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी घंटा उतरवताना दोराचं एक टोक त्यानंच धरलं होतं.

देवळाच्या हद्दीबाहेर, सड्याकडे जाणाऱ्या पाणंदीवर शिवणीचं मोठं झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला मारिया टांगली. तिथे कुठलाच देव नाही, म्हणून वाजवायचा कुणाचा मानही नाही. बाजारातून येणारी बाई वाजवते, शाळेतली पोरं वाजवतात, गुरं परतली की गुराखी वाजवतो. देवळात सदू बटण दाबतो आणि मशिनचा नगारा वाजतो. भागोजी देवीच्या पाया पडतो ते आता इतरांसारखं, उंबऱ्याच्या बाहेरून. पहिले काही दिवस पहाटे त्याला जाग यायची, हात दोरीसाठी वर जायचा, आणि मग तो कूस बदलायचा.

महिनाभरानं तो काजूच्या बागेत पाला गोळा करत होता, गावापासून बराच वर. खाली कुणीतरी घंटेला टोला दिला. आवाज पाणंदीतून निघाला, भाताच्या रिकाम्या खाचरांवरून आला, समोरच्या डोंगराला लागला आणि तिथून मऊ होऊन परत फिरला. भागोजी पाल्याची पाटी धरून तसाच उभा राहिला. सगळा जन्म तो त्या घंटेच्या थेट खाली उभा राहिला होता, कान बधिर होईस्तोवर. लांबून तिला त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"गोदा," त्यानं खालच्या बांधाकडे हाक मारली, "आयकलंस?"

"रोजच आयकते. पन्नास वर्सं आयकते."

"अशी वाजते व्हय ती?"

"मग कशी वाजंल?" गोदा म्हणाली. "पाटी खाली ठेव आनि आयक."

त्यानं पाटी खाली ठेवली. खाली पुन्हा कुणीतरी टोला दिला.