बिबट्याच्या पिल्लाला तीट

नातीच्या बाळाला ओव्याची धुरी दिली, की मला शिरपूरच्या आमच्या केळीच्या बागेत सापडलेलं बिबट्याचं पिल्लू आठवतं.

मी नवी नवरी, अक्कल बेताचीच. आई शिकारीला गेली असेल हे सुचलंच नाही. पोरकं समजून मी त्याला घरी आणलं, तेल चोळलं, धुरी दिली, काजळाची तीटही लावली!

खबर लागून आलेल्या वनरक्षकाने कपाळ बडवलं. “वहिनी, माणसाचा वास लागला. आता आई नेईल का याला?”

पिल्लू परत बागेत ठेवलं आणि आम्ही घराच्या धाब्यावर चढून बसलो. दिवेलागणीला बिबटीण आली. तिनं पिल्लू हुंगलं, तोंड वाकडं केलं, चाटून चाटून माझी सगळी तीट साफ केली आणि मगच त्याला उचलून नेलं.

मी आनंदाने रडले. सासूबाई म्हणाल्या, “देख, तुन्हं काम तिले बी पटनं नही!”