काकांची पाटी पडली तेव्हा

ठाण्याहून डोंबिवलीच्या बसमध्ये चढतानाच कंबर कुरकुरत होती. कोपरला एकटी राहणारी माझी मावशी न्हाणीघरात पडली होती, म्हणून तिला समजावून ठाण्याला लेकीकडे आणायचं होतं. खरं तर ती कशीबशी तयार झाली होती. पण होकार दिला त्याच संध्याकाळी दाराशेजारची, गेलेल्या काकांच्या नावाची पितळी पाटी खाली आदळली. "त्यांना आवडलेलं नाही," म्हणत मावशी अडून बसली. तिच्या लेकीनं, रेखानं, थकून मला पिटाळलं.

शीळफाट्याला बस अडकली ती अडकलीच. उतरून भजी घेतली. तेल जुनं होतं हे पहिल्याच घासाला कळलं, तरी संपवली. पुढे कारखान्यांचा पट्टा लागला आणि तो ओळखीचा उग्र वास आला. इथंच पाइप आणि टाक्यांचा गंज खरवडण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

कोपरला रिक्षावाल्यानं अर्ध्यातच सोडलं. "दादूस, फुडं रस्ता खनलाय. चालत जावा."

"अरे, माझे गुडघे बघ!"

"माझी रिक्षा बघा," तो म्हणाला. खाडीचा खारट वारा तोंडावर घेत पायपीट केली, तीन मजले चढलो.

मावशीनं आधी जेवायला वाढलं. गरम भात, चिंचगुळाची आमटी, पापड. प्रवासातली एवढीच गोष्ट बरी झाली. जेवणानंतर ती पाटी मांडीवर घेऊन बसली आणि आमटीच्या चिंचेचा उरलेला चोथा मीठ घालून तिच्यावर चोळू लागली.

"भिंतीवर होती तेव्हाही अशीच घासायचीस?"

"दर गुरुवारी. त्यांना सगळं लखलखीत लागायचं ना."

"आणि मागची बाजू?"

"मागचं कोण बघतं रे?"

मी पाटी उलटली. हिरवट ओघळ होते, पण पितळ शाबूत. उठून गॅलरीतली, दाराशेजारची भिंत पाहिली. लोखंडी स्क्रूंचे राहिलेले तुकडे नखानं खरवडले तर भुगा पडला.

"मावशी, काका रागावले नाहीत गं! पितळ आणि लोखंड चिकटून ओली राहिली की मरतं ते लोखंड. कोरडी असती तर वर्षानुवर्षं सुखानं नांदली असती. तू पुढून घासायचीस, ते आंबट-खारट पाणी मागं झिरपत राहिलं, त्यात हा खाडीचा वारा. पाटी केवढी, स्क्रू केवढेसे! सगळा मार त्यांच्यावर."

काम फत्ते, असं मला वाटलं. मावशीनं मात्र पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे ते आलेच नव्हते?"

मी बोटांवरचा गंजाचा भुगा झटकला.

"रागावून का होईना, आलेत असं वाटलं होतं रे."

स्वतःचीच चीड आली. कशाला एवढी अक्कल पाजळली मी? पण आता अडून बसायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं बॅग भरली, पाटी जुन्या साडीत गुंडाळली आणि ठाण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

रेखाच्या दाराशी मी ती पितळी स्क्रूंनी लावून दिली. मावशीनं हात लावून पाहिला.

"आता नाही ना पडणार?"

"नाही गं. कधीच नाही."

ती मान हलवून आत गेली. जिना उतरताना गुडघे ठणकत होते. जन्मभर गंज थांबवत आलो मी. पण त्या संध्याकाळी वाटलं, एखादा स्क्रू लोखंडी लावायला हवा होता.