श्रावस्तीच्या नावाचं पार्सल

माझ्या तोंडाला कुलूप न्हाय, हे सगळ्या लोहाऱ्याला ठाऊक हाय. गिऱ्हाईकानं दहा रिळं उचकून एक घेतलं तर मी सुनावते, आन तहसीलचा साहेब असला तरी सुनावते. पण कोंडिबाभाऊंच्या बाबतीत जिथं बोलायचं तिथं मी गप बसले, आन जिथं गप बसायचं तिथं नको ते करून बसले. सांगते सगळं. मधी बोलू नका, मला सुधरत न्हाय.

मी अजीजाबी. एसटी स्टँडसमोर बांगड्यांचं आन शिलाईच्या सामानाचं दुकान हाय ना, ते माझं. युसराचे अब्बा गेल्यापासून मीच चालवते. कुरिअरची गाडी आतल्या गल्ल्यांत जात न्हाय, म्हणून कुरिअरवाला पार्सलं माझ्याकडं टाकून जातो. मी ज्याच्या त्याच्या नंबरवर फोन लावते, लोक येऊन घेऊन जातात. कुणाची साडी, कुणाचा चार्जर, कुणाची केस काळे करायची बाटली. त्यात एक नाव महिन्यातून दोन-तीनदा यायचं. श्रावस्ती कोंडिबा. पार्सल वजनाला विटेसारखं, आन न्यायला यायचा बाप.

कोंडिबाभाऊंना मी आधीपासून ओळखायची. तहसीलात चौतीस वर्षं शिपाई होते, रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, त्यात निजामाच्या काळातले उर्दू कागद. भाऊंना उर्दूचं अक्षर यायचं न्हाय, पण कुठल्या गावचा बस्ता कुठल्या फळीवर हाय ते बसल्या जागी सांगायचे. माझ्या सासऱ्याच्या जमिनीचा कागद त्यांनीच हुडकून दिला होता, आन वर चहासुद्धा घेतला न्हाय. बाप दुसऱ्याच्या रानात राबलेला, वाड्या-वस्त्यांतून चालत शाळेला जाऊन हे मॅट्रिक झाले. लग्नाला चौदा वर्षं झाली तवा कुठं लेक झाली. रिटायर झाल्यावर गाव सोडून इथं दोन खोल्या बांधल्या, नवराबायको राहायला आले. लेक संभाजीनगरला शिकते, प्रोफेसर व्हायचं म्हणते, एवढं मला कधीतरी त्यांच्याच तोंडून कळलेलं होतं.

पार्सल घेतलं की ते माझ्याच काउंटरवर उघडायचे. टेप ओरबाडायचे न्हाईत, ब्लेडनं हळू कापायचे. आत इंग्रजी पुस्तक. शनिवारी माझी युसरा धाराशिवहून कॉलेजातून घरी आलेली असायची, तिला नाव वाचायला सांगायचे. कधी इतिहासाचं, जुन्या काळी शेतसारा कसा गोळा करायचे त्याचं. कधी अर्थशास्त्राचं, दुष्काळात बाजार कसा फिरतो त्याचं. कधी मानसशास्त्राचं, माणूस विसरतो कसा त्याचं. युसरा मराठीत करून सांगायची, हे मान हलवत ऐकायचे आन पुस्तक गमज्यात गुंडाळून न्यायचे.

मी बोलायचीच. "भाऊ, तुमची लेक हाय का महाराणी? बापाला हमाल करून ठिवलाय! सांगा तिला, एकदा तरी स्वतः येऊन ने म्हणावं."

"सांगतो की," म्हणायचे, आन हसायचे.

"आन एवढी पुस्तकं वाचून डोळे जातील म्हणावं पोरीचे."

"ते बी सांगतो, भाबी."

असं सात-आठ महिने चाललं. मग एक दिवस भरदुपारी त्यांची बायको आली, सुमनबाई. मला वाटलं बांगड्या भरायला आली. पण ती स्टुलावर बसलीच न्हाय. म्हणाली, "अजीजाबी, तुमी ह्यांना पार्सलं देत जाऊ नका."

"का हो? तुमच्या लेकीचीच तर हायेत."

"लेक कुठाय?" ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. डेंगूचा ताप आला, पाच दिसांत गेली. संभाजीनगरहून गाडीतनं आणली आमी तिला."

खरं सांगते, मला आधी रागच आला. एवढे महिने मी त्या पोरीला बोलत होते, आन कुणी मला सांगू नये? मग सुमनबाई म्हणाली, "ती मागती म्हणत्यात."

"कोण मागती?"

"तीच. फोनातनं. तिच्या खोलीत टेबलावर पुस्तकं लावत्यात. आज हे आणलंय बरं का म्हणून सांगत्यात. मला तिथं झाडाया बी जाववत न्हाय."

ती गेली. काउंटरखाली त्या दिवशी श्रावस्तीच्या नावाचं एक पार्सल पडलेलं होतं. मी पाय जवळ ओढून घेतले. दुपारभर तिकडं बघायची हिंमत झाली न्हाय. अल्ला माफ करो, शेवटी मी ते दोन बोटांनी उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले तवा मी सरळ विचारलं. ते चिडले न्हाईत. खिशातून एक फोन काढला, कोपऱ्याला काच फुटलेली. श्रावस्तीचा फोन. त्याचं रिचार्ज त्यांनी एक दिवसही तुटू दिलं नव्हतं. त्यावर ते पुस्तकांचं दुकान उघडलं आन माझ्यासमोर धरलं. वर मराठीत लिहिलेलं होतं, "नमस्कार, श्रावस्ती." खाली, "श्रावस्ती, खास तुमच्यासाठी."

"तिनं तीन पुस्तकं बाजूला काढून ठिवली व्हती," भाऊ म्हणाले. "नोकरी लागली की घीन म्हणली व्हती. म्या म्हणलं, आपण तरी पुरं करावं. तीन आणली. चार दिवसांनी फोन म्हणला, श्रावस्ती, हे बघितलं का? इतिहासाचं आणलं की अर्थशास्त्राचं मागती. ते आणलं की मानसशास्त्राचं. अगदी तशीच व्हती ती भाबी, एक हातात असताना दुसऱ्यावर डोळा."

"भाऊ, तुमी बुद्धाची माणसं, तुमच्यात तर भूतखेत मानत न्हाईत."

त्यांचं तोंड उतरलं. "न्हाय मानत. अंगात येणाऱ्या बायांना म्या जलमभर हसलो. आत्मा न्हाय, काय न्हाय, हे तिलाबी म्याच शिकवलं. म्हणून तर कुणाला बोलत न्हाय. पण चौतीस वर्सं हापिसात काढली, कागद कधी आपोआप हाललेला बघितला न्हाय. कुणीतरी पाठवतं तवाच तो टेबलावर येतो. मग हे कोण पाठवतंय, सांगा की."

मला ठाऊक होतं कोण पाठवतंय. मी एकदा गुडघ्याच्या दुखण्याचं तेल मागवलं, तर महिनाभर माझा फोन मला गुडघेच दाखवत होता. जे घेता त्याच्यासारखंच पुढं करतं ते यंत्र, एवढं मला कळतं. पण तोंडाशी आलेलं मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं असंल. त्यांचा चेहरा बघून मला बोलवलंच न्हाय.

मग ते पुस्तक आलं. शनिवार होता, युसरा दुकानात होती. भाऊंनी ब्लेडनं टेप कापली, पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं नाव एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काय हाय बेटा?"

"मानसशास्त्राचं हाय, काका."

"कशाचं पण?"

युसरा माझ्याकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "लेकरू आधी गेलं तर मागं राहिलेल्या आई-बापाच्या मनाचं काय होतं, त्याचं."

भाऊ खाली बसले, तिथंच, अस्तराच्या गठ्ठ्यावर. "बघा भाबी," ते म्हणाले, "तिला ठाऊक हाय आपण गेलो म्हणून. आन तिला आमची काळजी लागलीया." त्यांचे डोळे भरून वाहत होते आन तोंडावर हसू होतं.

युसराला राहवलं न्हाय. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली आन तिनं सगळं समजावून सांगितलं. ते यंत्र कसं चालतं, मानसशास्त्राची आठ-दहा पुस्तकं घेतली की अकरावं कसं पुढं येतं, नाव फक्त खात्यावरचं असतं. चांगलं प्रेमानं सांगितलं पोरीनं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजी माझंच मला दाखवत व्हतं?"

"हां काका."

"तिची फक्त पहिली तीन."

"हां."

ते उठले. पुस्तक गमज्यात न गुंडाळता तसंच काखेत मारलं आन गेले. जाताना सलाम भाबी म्हणायचे, ते पण म्हणाले न्हाईत.

तीन महिने माणूस फिरकला न्हाय. मी रोज पार्सलं बघायची, ते नाव न्हाय. एकदा स्टँडवर दिसले, मी हाक मारली, पण ते एसटीत चढून गेले. माझा जीव थाऱ्यावर राहिना. मला वाटायचं, आपल्या पोरीनं ह्यांची पोर दुसऱ्यांदा नेली. युसराला म्हणलं तर ती म्हणायची, "अम्मी, खरं कळलं ते बरं झालं, त्यांना वेळ दे." पण मला धीर कुठला? आन माणूस जगतोय का मेलाय ते घरी जाऊन विचारावं, तर सुमनबाईच्या दारात जायला मला तोंड न्हाय. तिनं सांगूनही मी पार्सलं देतच राहिले होते ना.

तवा मी ते केलं. युसराला न सांगता, माझ्याच फोनवर. श्रावस्तीच्या एका जुन्या पार्सलाचा कागद माझ्या खोक्यात होता, त्यावरचं तिचं इंग्रजी नाव एकेक अक्षर बघून उतरवलं, पार्सल तिच्याच नावानं यावं म्हणून. अर्धा तास लागला. पुस्तकं सरकवत गेले. एकावर किल्ल्याचं चित्र होतं, बुरुज आन मधून पाणी पडतंय. छान वाटलं म्हणून तेच दाबलं. वाटलं, पार्सलाच्या निमित्तानं माणूस दुकानात तरी येईल. आला की हात जोडून सांगू, भाऊ, मीच मागवलंय, चहा घ्या, रागावू नका.

आठ दिवसांनी पार्सल आलं. आता फोन करायला निमित्त होतं, मी भाऊंच्या स्वतःच्या नंबरवर लावला. "भाऊ, जरा येऊन जा."

तासाभरात आले. आन काय सांगू, माणूस ओळखू येईना! दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, अंगावर जरा मांस चढलेलं. आल्या आल्या म्हणाले, "सलाम भाबी. म्याच येणार व्हतो. युसराचं लई उपकार झालं. महिनाभर पडून व्हतो, मग उठलो. सगळी पुस्तकं इथल्या अभ्यासिकेला देऊन टाकली, तिच्या नावाचं कपाट केलंय. पोरं येत्यात, वाचत्यात. फोन बंद केला, कार्ड मोडून फेकलं. सुमन आता त्या खोलीत निजती. तुमी कपाट बघाया या की एकदा."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. पार्सल काउंटरवर होतं, माझ्या हाताशी. मी त्यावर अस्तराचं कापड ओढायला गेले, तेवढ्यात त्यांची नजर नावावर गेली.

"हे कुठलं?"

"भाऊ, हे मी मागवलंय."

त्यांनी ऐकलंच न्हाय जणू. ब्लेड न मागता हातानंच टेप फाडली. वरचं चित्र बघितलं आन त्यावरून बोट फिरवलं. "नळदुर्ग," ते म्हणाले. मी बघितलं, तो नळदुर्ग असंल नसंल, मला काय कळतंय. "पाणी पडतं तिथं उभी राहून म्हणली व्हती, बाबा, म्या ह्याचाच इतिहास लिवणार. सातवीत व्हती. ह्या जगात ते दोघांनाच ठाऊक हाय, मला आन तिला. तुमाला ठाऊक व्हतं का, भाबी?"

"न्हाय भाऊ. पण खरंच मी..."

"मग?"

"मी सहज दाबलं हो! कसम खाते! हा बघा माझा फोन."

त्यांनी फोनकडं बघितलंसुद्धा न्हाय. माझीच दया आल्यासारखे हसले. "माझं मन राखाया म्हणताय. तुमाला इंग्रजी कुठं येतं? फोन बंद, कार्ड मोडलेलं, यंत्राला माझं काय ठाऊक? म्या तिला बंद करून टाकलं, भाबी. तरी ती आली."

त्यांनी पुस्तक गमज्यात गुंडाळलं. मी रडत होते, गमजा धरून ओढत होते, स्टँडवरची माणसं बघत होती. ते गेले.

शनिवारी युसरा आली, तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर कधी ओरडत न्हाय, त्या दिवशी ओरडली. मग माझा फोन घेऊन त्यांच्या घरी गेली, मागवल्याची तारीख, माझा नंबर, सगळं दाखवलं. भाऊ म्हणाले, "बरं बेटा, कळलं." पण सोमवारी जाऊन अभ्यासिकेतलं कपाट रिकामं करून पुस्तकं घरी नेली. फुटक्या फोनात घालायला नवीन कार्ड आणलं. सुमनबाई पुन्हा बाहेरच्या खोलीत निजते म्हणे.

आता ते रोज येतात, कुरिअरची गाडी गेल्यावर. काही मागवलेलं नसतं. उभे राहतात, पार्सलांवरची नावं एकेक करून वाचतात, मग मला विचारतात, "आलं का?"

मी न्हाय म्हणते. ते म्हणतात, "मंजी उद्या येईल." आन मी, जिच्या तोंडाला कुलूप न्हाय, मान खाली घालून रिळं लावत बसते.