वरच्या मजल्याच्या सळया

भूकंपाची वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात चुकूनही नसायचं. पण मुंबईच्या साइटवर लोखंड बांधण्यात हयात घालवलेली, त्यामुळे किन्हवलीत स्वतः बांधलेलं घर हादरा बसल्यावर कसं उभं राहतं हे एकदा बघावं, एवढीच त्यांची हौस. खिशात कायम बांधणीची काळी तार. चष्म्याची काडी, सायकलचं मडगार्ड, मामींच्या कुकरचा दांडा, सगळं तारेने आवळलेलं. लग्नाला गेले तर मांडवामागच्या अर्धवट बांधकामात शिरून कॉलमच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा मोजत बसायचे आणि अक्षता हातातच राहायच्या.

मुरबाडला आमचं घर चाललं होतं तेव्हा बाजारात टीएमटी सळई नवीनच आली होती. मिस्त्री म्हणाला, लोखंड ताकदीचं आहे, रिंगा लांब लांब टाकल्या तरी चालतं. मामांनी ऐन माल कालवायच्या वेळी काम थांबवलं, उकिडवे बसून सगळ्या रिंगा जवळ घेतल्या आणि एकेकीचं टोक आत वळवलं. मिस्त्री तोंड फुगवून बसला. मामा मला म्हणाले, “नुसती ताकद काय कामाची नाय, जावईबापू. धरणी हालली का लोखंडाला वाकता आलं पायजे. न वाकणारं मोडतं.”

स्वतः मामा मात्र वाकणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या गच्चीवर चारी कोपऱ्यांत छातीएवढ्या सळया सोडलेल्या, मुलाच्या वरच्या मजल्यासाठी. गंज धरू नये म्हणून दर मे महिन्यात ते त्यांना सिमेंटचं पाणी लावत. मामींनी एकदा तिथे कपड्यांची दोरी बांधली, तर दोन दिवस अबोला. मुलाने बदलापूरला फ्लॅट घेतला, तरी पुढच्या मे महिन्यात मामा ब्रश घेऊन गच्चीवर हजरच.

मग एका दिवाळीला मुलगा बायकापोरांसह आला आणि जेवताना खाली मान घालून मामांना म्हणाला, “दादा, पोरांच्या शाळा तिकडंच हायेत. आता इकडं राहायला येनं काय व्हायाचं नाय.” मामांनी भात संपवला, हात धुतले आणि गच्चीवर गेले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो. ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणत होते. टोकं सळयांना तारेने आवळली, पिळून आत वळवली, हाताने ओढून पाहिली. तेवढ्यात मामी धुण्याची बादली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

“टाक गो कपडे,” मामा म्हणाले. “सुटायची नाय आता.”

मामींनी बादलीतून पहिला हाताला आला तो नातवाचा सदरा झटकला आणि दोरीवर टाकला.