सुलभाकाकू आणि आमच्या ओढ्याचे तीन मालक

सुलभाकाकू काल गेल्या.

आमच्या घरात यंदा पाणी शिरलं नाही, ते त्यांच्यामुळे.

आयर्लंडमध्ये, कॉर्कला आमच्या वसाहतीच्या मागून ओढा जातो. मोठा पाऊस झाला की तो थेट आमच्या किचनमध्ये. दोनदा फ्लोअरिंग उखडलं. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले. घरात धड राहता येईना, ना ते विकता येईना. बायको रडायची.

मी आपला ईमेलवर ईमेल.
गटार सिटी कौन्सिलचं. ओढा सरकारच्या नदी खात्याचा. क्लायमेटचा निधी डब्लिनला.
सगळ्यांचं उत्तर एकच, "ग्रँड, वुई विल हॅव अ लुक." म्हणजे, बरं बरं, बघू. डोकंच फिरायचं!

काकू म्हणजे शेजारच्या अमेयची आई, पक्क्या नागपूरच्या. एकदा त्यांच्यासमोर चिडून हे सगळं बोललो.

"हा म्हणते माझं नाही, तो म्हणते माझं नाही. मग पाणी काय बेवारस आहे का बाप्पा? तिघांले गणपतीत जेवाले बोलाव."

बोलावलं. आणि आले की हो तिघं!

कम्युनिटी हॉलमध्ये पंगत. काकूंनी तिघांना शेजारी शेजारी बसवलं. कौन्सिलचा माणूस भराभर जेवून उठायला लागला.

"सिट, सिट! पंगतीतून एकट्यानं उठत नसतात." असं म्हणत काकूंनी नदी खात्याच्या बाईंना आणखी एक पुरणपोळी वाढली. वर तूप.

बसून करणार काय? बोलायला लागले.
कौन्सिल थांबलं होतं नदी खात्याच्या परवानगीसाठी. नदी खातं थांबलं होतं कौन्सिलच्या आराखड्यासाठी. डब्लिनवाला म्हणाला, "निधी आहे हो. मला तुम्हा दोघांचा मिळून एक अर्ज हवाय."

मी कपाळाला हात लावला.

एका जेवणात काम झालं असं अजिबात नाही. मग मीटिंगा झाल्या, खडाजंगी झाली. पण आता तिघं एकमेकांना फोन करायचे.
यंदा वरच्या मैदानात पुराचं पाणी साठवायला तळं झालं, ओढा रुंद झाला, काठाला झाडं लागली.

परवा मोठं वादळ झालं. काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांना कोरडं किचन दाखवलं. वाटलं, खूश होतील.

"बरं झालं. पण थे पाणी गेलं कुठं रे? खालच्या लोकांच्या घरात त नाही ना घुसलं?"

खरं सांगतो, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

काल सकाळी ओढ्याच्या काठाने खालच्या वस्तीत गेलो. दारं वाजवून विचारलं. परत येताना अमेयचा फोन आला.

नाही घुसलं, काकू.
खालचे सगळे सुखरूप आहेत.

आता निवांत निजा.